युरोव्हिजनमधील देशाचा इतिहास कसा लिहावा: पोर्तुगालचे उदाहरण

युरोव्हिजन या युरोपातील देशांच्या वार्षिक गीतस्पर्धेतील एखाद्या देशाचा इतिहास लिहायला बसणारे बहुतेक जण विजेतेपदांपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. आयर्लंड आणि स्वीडन या देशांकडे प्रत्येकी ७ विजेतेपदे असल्यामुळे त्यांच्या बाबतीत ही वाट काही काळ तरी चालते. पोर्तुगालकडे मात्र एकच विजेतेपद आहे, तेही पदार्पणानंतर ५३ वर्षांनी मिळालेले, आणि त्या देशातील सर्वांत महत्त्वाचे स्पर्धागीत स्पर्धेच्या गुणफलकावर तळाला होते. म्हणूनच सरावासाठी पोर्तुगालसारखा दुसरा देश नाही. खालील पद्धत कोणत्याही सहभागी देशाला लागू पडते, परंतु उदाहरणे शक्यतो पोर्तुगालचीच घेतली आहेत, कारण एकाच देशाची साखळी सलग हाताळल्याशिवाय या कामातील खाचाखोचा ध्यानात येत नाहीत.

पहिले काम कोष्टकाचे

लेखनाआधी एक कोष्टक तयार करावे. वर्ष, यजमान शहर, गायक, गीत, गीताची भाषा, स्थान आणि गुण हे रकाने सगळेच करतात. त्यांत आणखी तीन रकाने आवर्जून वाढवावेत: त्या वर्षी एकूण किती गीते स्पर्धेत होती, गुण कोणी दिले (ज्युरीने, प्रेक्षकांनी की दोघांनी) आणि त्या वर्षीच्या नियमांनुसार एका गीताला जास्तीत जास्त किती गुण मिळू शकत होते. पुढचा सगळा अर्थ या तीन रकान्यांतून निघतो. ते नसतील तर '१५ वे स्थान' या शब्दांवरून काहीच कळत नाही. १६ गीतांतील १५ वे आणि २६ गीतांतील १५ वे यांच्यात फार अंतर आहे.

कोष्टकात गैरहजेरीच्या वर्षांनाही ओळ द्यावी. पोर्तुगालने १९६४ साली कोपनहेगन येथे पदार्पण केले आणि २०१७ साली कीव्ह येथे तो जिंकला. या काळात ५४ स्पर्धा झाल्या. त्यांपैकी १९७०, २०००, २००२, २०१३ आणि २०१६ या ५ वर्षी पोर्तुगाल नव्हता, म्हणून २०१७ चा सहभाग हा ४९ वा ठरतो. हा हिशेब स्वतः करून पाहावा. इतिहास लिहिणाऱ्यांच्या हातून सर्वाधिक चुका सहभागाच्या संख्येतच होतात आणि त्या एकाकडून दुसऱ्याकडे जशाच्या तशा उतरत राहतात.

२०२० ची ओळ वेगळी ठेवावी लागते. त्या वर्षी कोविडच्या साथीमुळे स्पर्धाच रद्द झाली. पोर्तुगालची गायिका आणि गीत निवडून झाले होते, पण स्पर्धा न झाल्यामुळे तो सहभाग धरता येत नाही आणि ती गैरहजेरीही नव्हे. अशा ओळीपुढे 'निवड झाली, स्पर्धा रद्द' एवढी नोंद पुरेशी आहे.

शून्य आणि शून्य

कोष्टक तयार झाल्यावर मनात पहिला मोह येतो तो गुणांची वर्षावर्षांत तुलना करण्याचा. हा मोह टाळावा, आणि का टाळावा हे पोर्तुगालच्या दोन शून्यांवरून उत्तम समजते.

१९६४ साली आंतोनियू काल्वारियू यांना एकही गुण मिळाला नाही. १९९७ साली डब्लिन येथे सेलिया लॉसन यांच्या वाट्यालाही शून्यच आले. वरवर पाहता दोन्ही अपयशे सारखी वाटतात. पण १९६४ साली प्रत्येक देशाची ज्युरी साधारणपणे तीनच गीतांना ५, ३ आणि १ असे गुण देत असे. १६ देशांच्या त्या स्पर्धेत गुण मिळवण्याच्या जागा फार तर ४८ होत्या. परिणामी त्या रात्री पोर्तुगालसह जर्मनी, युगोस्लाव्हिया आणि स्वित्झर्लंड असे चार देश कोरेच राहिले. पदार्पणातील ते शून्य चौघांत वाटले गेलेले होते. १९९७ साली मात्र २५ देश होते आणि प्रत्येक देश दहा गीतांना गुण देत होता. म्हणजे उरलेल्या २४ देशांपैकी प्रत्येकाने समोरच्या २४ गीतांतून दहा निवडली आणि एकाही देशाच्या दहांत पोर्तुगालचे गीत बसले नाही. माझ्या मते देशाचे खरे अपयश कोणते, असे विचारले तर बोट १९९७ कडेच दाखवावे लागेल.

यावर उपाय सोपा आहे. मिळालेल्या गुणांना त्या वर्षीच्या कमाल शक्य गुणांनी भागावे. साल्वादोर सोब्राल यांनी २०१७ साली ७५८ गुण मिळवले आणि हा आकडा विक्रम म्हणून सर्वत्र सांगितला जातो. तो विक्रम आहेच. परंतु २०१६ पासून प्रत्येक देश ज्युरीचे आणि प्रेक्षकांचे असे गुणांचे दोन स्वतंत्र संच देऊ लागला, त्यामुळे एका रात्रीत वाटले जाणारे एकूण गुण दुप्पट झाले. २०१७ साली ४२ देश मतदान करत होते. स्वतःचा देश वगळता ४१ देशांकडून प्रत्येकी २४, म्हणजे कमाल ९८४ गुण शक्य होते. ७५८ हे त्याचे सुमारे ७७ टक्के होतात. नॉर्वेच्या अलेक्झांडर रिबाक यांनी २००९ साली कमाल ४९२ पैकी ३८७ गुण घेतले होते, म्हणजे ७८ टक्क्यांहून थोडे अधिक, आणि ब्रिटनच्या ब्रदरहूड ऑफ मॅन या गटाने १९७६ साली २०४ पैकी १६४, म्हणजे ८० टक्क्यांहून किंचित जास्त. सोब्राल यांच्या यशाचे मोल याने तसूभरही कमी होत नाही, पण 'आजवरचे सर्वाधिक गुण' आणि 'आजवरचा सर्वांत एकतर्फी विजय' ही दोन वेगळी विधाने आहेत हे वाचकाला कळते.

त्यासाठी गुणपद्धतीची मोजकी वळणे जवळ टिपून ठेवावीत. १९७५ पासून १२, १०, ८ आणि मग ७ ते १ ही श्रेणी आली, जी आजही ओळखीची आहे. त्याआधी, म्हणजे १९७४ साली, प्रत्येक देशाचे दहा परीक्षक आपल्या आवडत्या गीताला प्रत्येकी एक मत देत. १९९७ साली ५ देशांत प्रेक्षकांच्या दूरध्वनी मतदानाचा प्रयोग झाला आणि पुढच्या वर्षी तो बहुतेक देशांत पसरला. २००९ च्या अंतिम फेरीपासून ज्युरी पुन्हा निम्म्या वाट्याने परतली. २००४ साली उपांत्य फेरी सुरू झाली आणि २००८ साली तिच्या दोन फेऱ्या झाल्या.

उपांत्य फेरी सुरू झाल्यानंतरच्या वर्षांत 'स्थान' या शब्दाची फोड करणे आवश्यक आहे. पोर्तुगालने २००४ ते २००७ या चारही वर्षी उपांत्य फेरीतच निरोप घेतला, २००८ ते २०१० या तीन वर्षी तो अंतिम फेरीत गेला, आणि २०११, २०१२, २०१४, २०१५ व २०१९ या वर्षी पुन्हा बाहेर पडला. उपांत्य फेरीतील क्रमांक अंतिम फेरीच्या क्रमांकांबरोबर एकाच रकान्यात लिहिल्यास सगळा आलेख खोटा ठरतो. १९९६ ची चाळणी याहून निराळी होती. त्या वर्षी यजमान नॉर्वे वगळता २९ गीतांच्या ध्वनिफिती ज्युरींनी आधीच ऐकल्या आणि २२ गीतेच स्पर्धेत घेतली; जर्मनीसारखा देशही तेव्हा गळाला. पोर्तुगालच्या लुसिया मोनीझ त्या चाळणीतून पार झाल्या आणि ९२ गुणांसह सहाव्या आल्या. पुढची २१ वर्षे हेच देशाचे सर्वोत्तम स्थान राहिले.

न गेलेली वर्षे का महत्त्वाची

गैरहजेरीच्या ओळी कोष्टकात कोऱ्या दिसतात, पण इतिहासलेखकाला त्या बरेच काही सांगतात. प्रत्येक गैरहजेरीचे कारण वेगळे शोधावे. 'सहभाग घेतला नाही' एवढे लिहून पुढे जाऊ नये.

१९६९ साली स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स असे चार देश १८ गुणांवर बरोबरीत आले आणि बरोबरी सोडवण्याचा नियमच नसल्यामुळे चौघेही विजेते ठरले. त्या वर्षी सिमोन द ओलिव्हेइरा यांच्या रूपाने पोर्तुगाल १६ पैकी १५ वा होता. पुढच्या वर्षी फिनलंड, नॉर्वे, स्वीडन आणि ऑस्ट्रिया यांच्याबरोबर पोर्तुगालनेही स्पर्धेकडे पाठ फिरवली. गंमत अशी की, १९७० ची राष्ट्रीय निवडस्पर्धा पोर्तुगालमध्ये नेहमीप्रमाणे झाली, तिचा विजेताही ठरला, फक्त तो कुठे गेला नाही. म्हणून राष्ट्रीय निवडीचा इतिहास आणि आंतरराष्ट्रीय सहभागाचा इतिहास यांची वर्षे तंतोतंत जुळतील असे गृहीत धरू नये.

२००० सालची गैरहजेरी ऐच्छिक नव्हती. स्पर्धेत येऊ इच्छिणाऱ्या देशांची संख्या वाढल्यामुळे तेव्हा मागील पाच स्पर्धांतील सरासरी कमी असलेल्या देशांना एक वर्ष थांबवले जाई, आणि पोर्तुगाल त्या नियमात सापडला. २००२ ची गोष्ट मात्र लिहिण्याजोगी आहे. त्या वर्षी पोर्तुगालला उपलब्ध असलेली जागा तेथील सार्वजनिक प्रसारणसंस्था आरटीपीने सोडली, ती लाटव्हियाला मिळाली, आणि टालिन येथे झालेली ती स्पर्धा लाटव्हियानेच जिंकली. एका देशाच्या इतिहासातील कोरी ओळ दुसऱ्या देशाच्या इतिहासात सोनेरी ठरते, आणि हे धागे पाहायचे तर कोष्टकातून मान वर करून शेजारच्या देशांच्या नोंदीही वाचाव्या लागतात.

घरी काय झाले

स्पर्धेत गीते देशांच्या नावाने ओळखली जातात, परंतु ती पाठवतात त्या देशांच्या प्रसारणसंस्था. त्यामुळे देशाचा इतिहास लिहिताना प्रसारणसंस्थेचा इतिहास आणि तिने आयोजित केलेली राष्ट्रीय निवडस्पर्धा हे दोन्ही समोर असावेत. पोर्तुगालमध्ये ही निवडस्पर्धा १९६४ पासून होत आली आहे आणि आज ती 'फेस्टिव्हल द कान्साँव' या नावाने ओळखली जाते. १९७४ पर्यंत देशात हुकूमशाही होती, दूरचित्रवाणीवर सरकारची पकड होती आणि शब्दांवर सेन्सॉरची नजर होती. १९६४ च्या कोपनहेगनच्या मंचावर कार्यक्रम सुरू असताना एक माणूस स्पेनचा हुकूमशहा फ्रँको आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यांच्यावर बहिष्कार टाका असा फलक घेऊन चढला होता. ज्या रात्री पोर्तुगालने पदार्पण केले त्याच रात्री त्याच्या राज्यकर्त्याचा निषेध झाला, ही बाब कोणत्याही गुणफलकात सापडत नाही. त्या स्पर्धेचे पूर्ण चित्रमुद्रणही आज उपलब्ध नाही. तेव्हा सुरुवातीच्या वर्षांसाठी ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे आणि त्या काळची वृत्तपत्रे यांवर भिस्त ठेवावी.

सेन्सॉरच्या काळातील गीतांचे शब्द सावकाश वाचावेत. १९७३ साली फर्नांदू तोर्दू यांनी गायलेले गीत वरकरणी बैलांच्या झुंजीविषयी होते. कवी आरी दुश सांतुश यांनी त्यात त्या वेळच्या राजवटीची खिल्ली उडवली होती आणि ते सेन्सॉरमधून सुटले. स्पर्धेत ते दहावे आले. अशा गीताचे मूल्य स्थानावरून ठरवणारा लेखक त्याचा अर्धा इतिहास गमावतो.

आणि मग १९७४ येते. पाउलू द कार्व्हालू यांनी ६ एप्रिल रोजी ब्रायटन येथे 'ई देपोइश दू आदेउश' हे गीत गायले. जुझे नीझा यांचे शब्द आणि जुझे काल्वारियू यांचे संगीत असलेले हे विरहगीत होते, आणि त्यात राजकारणाचा मागमूसही नव्हता. त्याला तीन गुण मिळाले आणि जर्मनी, नॉर्वे व स्वित्झर्लंड यांच्याबरोबर ते १४ व्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिले. स्वीडनच्या ॲबा गटाने ती स्पर्धा जिंकली, आणि तीही एकूण फक्त २४ गुण मिळवून. स्पर्धेचा इतिहास लिहिणाऱ्याला ती रात्र ॲबाची वाटते. पोर्तुगालचा इतिहास लिहिणाऱ्याने मात्र पुढचे १८ दिवस पाहिले पाहिजेत. २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी लिस्बनच्या एका नभोवाणी केंद्रावरून हेच गीत लागले आणि बंडाच्या तयारीत असलेल्या सैनिकी अधिकाऱ्यांसाठी ती पहिली खूण होती. मध्यरात्रीनंतर दुसऱ्या केंद्रावरून दुसऱ्या एका, बंदी घातलेल्या कवी-गायकाच्या गीताने दुसरी खूण दिली, सैन्य बाहेर पडले, आणि २५ एप्रिल रोजी जवळपास अर्धशतकाची राजवट कोसळली. तीच कार्नेशन क्रांती. पहिल्या खुणेसाठी स्पर्धागीत निवडण्यामागचे कारण साधे होते: ते सर्वांच्या कानावर होते, निरुपद्रवी होते, आणि नभोवाणीवर लागल्याने कोणाला संशय येणार नव्हता. पुढच्या वर्षी पोर्तुगालच्या वतीने मंचावर उभे राहिलेले दुआर्त मेंदेश हे क्रांतीत सहभागी झालेले लष्करी कप्तान होते आणि त्यांच्या गीताचे नावच 'पहाट' या अर्थाचे होते. ते १६ वे आले.

येथे एक सावधगिरी बाळगावी. मोठी ऐतिहासिक घटना हाती लागली की तिच्या रंगात सगळा इतिहास रंगवण्याचा मोह होतो. 'ई देपोइश दू आदेउश' हे क्रांतिगीत म्हणून लिहिले गेले नव्हते. ते वापरले गेले. 'लिहिले गेले' आणि 'वापरले गेले' यांतील फरक जपणे हे लेखकाचे काम आहे. त्याचप्रमाणे अमुक गायकाला अमुक मंत्र्यानेच पाठवले यासारख्या कथा भरपूर सापडतात. त्यांना त्या काळचा लेखी आधार नसेल तर त्या सरळ गाळाव्यात.

भाषेचा रकाना

भाषेचा रकाना भरताना नियम आणि निवड वेगळी करावी. १९६६ ते १९७२ आणि पुन्हा १९७७ ते १९९८ या काळात देशाला स्वतःच्या राष्ट्रभाषेतच गाणे बंधनकारक होते. त्या वर्षांत पोर्तुगीज भाषा दिसते ती नियमामुळे, म्हणून तिच्यावरून भाषाभिमानाचा निष्कर्ष काढता येत नाही. तो काढायचा असेल तर मोकळीक असलेली वर्षे पाहावीत. १९७४ साली भाषेची मोकळीक असताना पोर्तुगाल पोर्तुगीजमध्येच गायला. १९९९ नंतर बहुतेक युरोप इंग्रजीकडे वळला, पोर्तुगालने मात्र काही वर्षी इंग्रजीची फोडणी दिली तरी मुख्य धान्य पोर्तुगीजच ठेवले. संपूर्ण इंग्रजी गीत त्याने पहिल्यांदा पाठवले ते २०२१ साली, ब्लॅक माम्बा या गटाचे, आणि ते १२ वे आले. तोपर्यंत त्याचे एकमेव विजेतेपद पोर्तुगीज गीताने मिळवून झाले होते.

नावे देवनागरीत लिहितानाही थोडी काळजी घ्यावी. पोर्तुगालच्या उच्चारात शब्दाच्या शेवटी येणारा आघातहीन 'ओ' हा 'उ'सारखा आणि शेवटचा 'स' बहुधा 'श'सारखा ऐकू येतो. रोमन अक्षरांवरून सरळ लिप्यंतर करण्यापेक्षा सूत्रसंचालकाने केलेला उच्चार ऐकून लिहिणे चांगले.

विजय आणि त्यानंतर

विजयाचे वर्ष लिहिताना त्याच्या आधीचे वर्ष पाहावे. २०१६ साली आरटीपीने सहभाग घेतला नाही आणि निवडस्पर्धेची मांडणी नव्याने केली. २०१७ साली संगीतकारांना निमंत्रण देऊन त्यांच्याकडून गीते मागवण्यात आली. लुइझा सोब्राल या त्यांपैकी एक. त्यांनी 'आमार पेलुश दोइश' लिहिले आणि ते भाऊ साल्वादोर यांना गायला दिले. साल्वादोर यांचे हृदय इतके दुर्बल झाले होते की, कीव्हमधील सुरुवातीच्या तालमींत त्यांच्या जागी लुइझा उभ्या राहिल्या; त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांच्यावर हृदयप्रत्यारोपण झाले. मंचावर नर्तक नव्हते, रोषणाईचा झगमगाट नव्हता. ज्युरीचे ३८२ आणि प्रेक्षकांचे ३७६ गुण, म्हणजे दोघांचाही पहिला क्रमांक. या विजयाचे कारण सांगताना एकट्या गायकाकडे किंवा एकट्या निवडपद्धतीकडे बोट दाखवू नये. दोन्ही जुळून आले.

२०१८ साली लिस्बनने यजमानपद सांभाळले. यजमान म्हणून अंतिम फेरीत थेट गेलेला पोर्तुगाल ३९ गुणांसह २६ पैकी २६ वा आला. विजेत्याने पुढच्या वर्षी घरच्या मंचावर तळ गाठावा, ही घटना लेखात दोन वाक्यांपेक्षा जास्त जागा मागत नाही. तिच्यावर 'कोसळले' वगैरे शब्द खर्च करणारे लेख पाहिले की, मला २०१९ ची ओळ त्यांनी वाचली नसावी असे वाटते, कारण त्या वर्षी तर पोर्तुगाल अंतिम फेरीतही नव्हता.

त्यानंतरच्या वर्षांसाठी गुणांचे दोन भाग वेगळे लिहिल्याशिवाय काहीच उलगडत नाही. २०२१ साली पोर्तुगालला ज्युरीकडून १२६ आणि प्रेक्षकांकडून २७ गुण मिळाले. २०२२ साली मारू यांचे गीत नववे आले, तेव्हा हे आकडे १७१ आणि ३६ होते. २०२४ साली इओलांदा दहाव्या आल्या, १३९ आणि १३ गुणांनी. यावरून 'ज्युरीचा लाडका, प्रेक्षकांचा नावडता' असा निष्कर्ष झटकन हाती येतो. पण २०२३ ते २०२५ या काळात उपांत्य फेरीत फक्त प्रेक्षकांच्या मतांवर निकाल लागत होता, आणि पोर्तुगाल २०२३, २०२४ व २०२५ या तिन्ही वर्षी ती फेरी ओलांडून गेला आहे. म्हणजे प्रेक्षक त्याला मते देतात. फरक पडतो तो मांडणीने: उपांत्य फेरीत १५-१६ गीतांपैकी पहिल्या दहांत येणे पुरते, अंतिम फेरीत मात्र सुमारे २६ गीतांमधून प्रत्येक देशातल्या पहिल्या दहांत आल्याशिवाय एकही गुण मिळत नाही. अनेक देशांत अकरावा किंवा बारावा राहणारा स्पर्धक उपांत्य फेरीत तरून जातो आणि अंतिम फेरीत कोरा दिसतो. म्हणून अलीकडच्या वर्षांच्या ओळींत ज्युरीचे स्थान, प्रेक्षकांचे स्थान आणि उपांत्य फेरीतील स्थान असे तीन आकडे लिहावेत, आणि एकत्रित स्थान त्यांच्यानंतर, शेवटच्या रकान्यात टाकावे.